गाडीचा धूर आणि आईंचा पाण्याचा कॅन



आज स्वयंपाकघरातून जरा बाहेर येऊ, अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे. गाडीच्या धुरावर मी कधी लिहीन असे मला स्वतःलाही वाटले नव्हते. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे झाले, त्यानंतर मंदिरात दोघी-तिघींनी विचारले, "तुला म्हणे आधीच दिसले होते?" हो, दिसले होते. म्हणूनच लिहायला बसले.

आमची गाडी डिझेलची, सात जणांची, दहा वर्षांहून जुनी. शेलूबाजारात आमच्या ह्यांचे किराण्याचे दुकान आहे. आठवडाभर गाडी दुकानाचा माल आणते आणि रविवारी आम्हाला कधी कारंजाला, कधी शिरपूरला दर्शनाला नेते. घरातल्या माणसासारखीच ती राबते, आणि घरातल्या माणसासारखेच तिच्या दुखण्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते.

डिसेंबरचे दिवस होते. सकाळी मी अंगण झाडत असताना हे गाडी चालू करून ठेवायचे. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. समोरच्यांची पिकअपही त्याच वेळी चालू व्हायची, तिच्यातूनही पांढरे काहीतरी निघायचे. फरक इतकाच की त्यांचे दोन-तीन मिनिटांत विरून जायचे, आणि आमच्या गाडीचा धूर ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मागे दाट रेंगाळत राहायचा. त्याला पुसटसा गोडसर वासही होता. डिझेलचा वास तर आपल्या सगळ्यांना ओळखीचा आहे, हा तसा नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. दुकानातला मुलगा दर दोन-तीन दिवसांनी बाटलीभर पाणी रेडिएटरमध्ये टाकायचा. गाडीखाली मात्र पाण्याचा एक थेंब नसायचा. दुधाचा हिशेब लागला नाही तर आपण गवळ्याला विचारतो ना? मग हे पाणी जात कुठे होते?

मी एकदा विचारले. हे हसून म्हणाले, "अगं, थंडी आहे. सगळ्याच गाड्या वाफ टाकतात." मी गप्प बसले. गाडी म्हणजे पुरुषांचा विषय, आपण कशाला बोला, असे वाटले. त्यानंतर तीन आठवडे मी रोज तो धूर पाहिला आणि रोज झाडू घेऊन आत गेले.

मग तो रविवार आला. माझे माहेर कारंजाचे. सकाळी तिकडे गेलो. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कार गण अशा तिन्ही मंदिरांत आईंना शांतपणे दर्शन झाले, माझ्या आईकडे जेवणे झाली. निघायला चार वाजले. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आमच्या आईंचा चौविहार कित्येक वर्षांत मोडलेला नाही. सूर्यास्तानंतर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणून हे म्हणाले, "जुन्या रस्त्याने नको, समृद्धीने जाऊ. वीस मिनिटे तरी वाचतील."

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. कारंजाला आणि आपल्या शेलूबाजारलाही त्यावर चढायची-उतरायची सोय आहे, हे आपल्या भागाचे भाग्यच. पण जुन्या रस्त्यावर आमची गाडी साठच्या आसपास रमतगमत चालते. त्या दिवशी ती शंभराच्या आसपास सतत पळत होती, आत सहा माणसे आणि माहेरचे सामान. मी मागच्या सीटवर होते. पुढचा तापमानाचा काटा मला तिरका दिसत होता. तो मध्यावरून वर सरकला. मी म्हटले, "अहो, काटा बघा." हे म्हणाले, "आलोच आता." काही क्षणांत बोनेटच्या फटींतून पांढऱ्या वाफेचा लोट काचेवर आला आणि समोरचे दिसेनासे झाले.

१ जुलै २०२३ च्या रात्री याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, ते आपल्या भागात कुणीच विसरलेले नाही. धूर दिसताच आईंच्या तोंडून फक्त "णमो अरिहंताणं" एवढेच निघाले. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मी मुलांना आणि आईंना डाव्या दारातून उतरवले आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे नेऊन उभे केले. तेवढे बरोबर झाले. पुढचे चुकले.

ह्यांनी बोनेट उघडले, नॅपकिन हातावर घेतला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. अर्धेच फिरले असेल, आतून उकळत्या पाण्याचा फवारा उसळला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला.

मैत्रिणींनो, शिट्टी होत असताना आपण कुकरचे झाकण उघडतो का? रेडिएटरचेही तसेच आहे. आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब सुटतो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन बाहेर येते. कुकरचे हे गणित मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तेच गाडीलाही लागू पडते, हे त्या क्षणी डोक्यातच आले नाही.

भाजलेल्या हातावर गार पाणी बराच वेळ धरायचे, हे माहीत होते. पण पाणी कुठले? समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे बाजूने कुणी गाववाला मोटरसायकलवर जात नव्हता, आणि धावत्या ट्रकांना हात दाखवून उपयोग नव्हता. गाडीत पाणी होते ते आईंच्या कॅनमध्ये, सकाळी घरून गाळून, उकळून, गार करून आणलेले. आई दुसरीकडचे पाणी घेत नाहीत. मी काही बोलायच्या आत आईंनीच कॅनचे झाकण काढले आणि मुलाच्या हातावर बारीक धार धरली. वीस मिनिटे ती धार चालली. मध्येच म्हणाल्या, "हळू ओत गं, पुरलं पाहिजे."

महामार्गाची क्रेन यायला वेळ लागला. सूर्य खाली जात होता. आईंनी कठड्याच्या पलीकडे सतरंजीवर बसून माहेरून बांधून दिलेल्या दोन दशम्या तिळाच्या चटणीबरोबर खाल्ल्या. कॅनमध्ये पेलाभरही पाणी उरले नव्हते. जे होते ते दोन घोटांत संपवून त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत घोटभर पाणी घेतले नाही. त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द बोललेल्या नाहीत. मला मात्र ती रात्र झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी आधी इंजिन ऑइलचे झाकण उघडून मला दाखवले. आतून चहावरच्या सायीसारखे पिवळट-पांढरे लोणी साचले होते. म्हणाले, "वहिनी, ऑइलमधी पाणी मिसळलं पाहा. गाडी पाणी पिऊन राहिली होती. हेडचं गॅसकिट गेलं." मग थोडे थांबून, "असा धूर तर महिनाभरापासून येत असन. कोणालेच दिसला नाही काय?"

मी खाली पाहिले.

इंजिनात हेड आणि ब्लॉक असे दोन भाग एकमेकांवर बसवलेले असतात. त्यांच्यामध्ये गॅसकिट असते, आपल्या कुकरच्या रबरासारखे. ते गेले की इंजिन थंड ठेवणारे पाणी जळण्याच्या जागेत शिरते आणि पांढऱ्या धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते. जमिनीवर थेंब न पडता पाणी कमी होत होते, ते असे.

पण गॅसकिट गेले का? मिस्त्रींनी रेडिएटर उघडला. आतल्या बारीक नळ्यांवर पांढरा थर चढला होता. आपल्याकडे बोअरचे पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या तळाशी जो क्षार बसतो, अगदी तोच. सर्व्हिसिंगच्या वेळी कुलंट भरायचे आणि मग वर्षभर वरून बोअरचे पाणी ओतायचे, असा आमचा काटकसरीचा शिरस्ता होता. क्षाराने नळ्या चोंदल्या, पाणी नीट फिरेना, इंजिन तापू लागले, त्या तापाने गॅसकिट गेले. पिण्याचे पाणी आपण गाळून घेतो, आणि गाडीला नळीतून येईल ते पाजतो. शिवाय कुलंट म्हणजे नुसते रंगीत पाणी नव्हे. ते गंज धरू देत नाही आणि पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळते. त्यात मिसळायचे झाले तर क्षार नसलेले डिस्टिल्ड वॉटर मिसळावे.

त्या दिवशी मिस्त्रींच्या समोर बसून मी धुराची सगळी बाराखडीच विचारून घेतली. ती तुम्हालाही सांगते. शास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. गाडीत अग्नी तर असतोच. तिथे धुरावरून ओळखायचे ते हे की, जळायला नको ते काय जळते आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. गॅसच्या बर्नरची छिद्रे बुजली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचा बुडखा काळा होतो, तसेच हे. पहिल्यांदा एअर फिल्टर बघायचा. आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या हंगामात धुळीने तो लवकर भरतो. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर थांबला नाही, तर नोझल किंवा हवेची फाटलेली नळी तपासून घ्यायची. हा धूर घात करत नाही, पण डिझेल वाया घालवतो आणि मागून चालणाऱ्याच्या छातीत जातो. म्हणून टाळाटाळ नको.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. फोडणीचे तेल करपल्यावर जो डोळ्यांत झोंबतो, त्याच जातीचा. इथे वेळ फार महत्त्वाची. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताना एक निळा झोत येऊन थांबला, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे सील झिजलेले असतात. चढावर किंवा वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यायचा. ज्या गाडीला टर्बो आहे, तिथे टर्बोच्या सीलमधूनही ऑइल जाऊ शकते. आणि कधी कधी ऑइल खुणेपेक्षा जास्त भरलेले असते, एवढेच कारण असते. दर आठवड्याला ऑइलची पट्टी ओढून पाहायची. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर.

माझ्या एका बहिणीला एका गॅरेजने निळा धूर बघून पूर्ण इंजिन उघडायला सांगितले होते. खर्च ऐकून घरात दोन दिवस कुणी नीट जेवले नाही. मग दुसऱ्या मिस्त्रींनी विचारले, "धूर कधी येतो?" तिने सांगितले, फक्त सकाळी, पहिल्या मिनिटाला. सील बदलून काम झाले. रंग सगळ्यांनाच दिसतो, पण तो केव्हा दिसतो हे सांगणारे घरातलेच कुणी असावे लागते.

पांढऱ्याचे तीन प्रकार. थंडीत सकाळी पातळ वाफ येते आणि गाडी गरम झाली की जाते, ती निव्वळ ओलाव्याची. तिला घाबरू नये. डिझेल गाडीत चालू करताना डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर आला, तर डिझेल नीट पेटत नाही. हीटर प्लग किंवा नोझल बघायची. आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा, दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर आला आणि सोबत पाणी कमी होत असेल, तर गाडी चालवूच नये. या शेवटच्याला आम्ही पहिला समजलो.

ऐकताना मला पाठशाळेतल्या सहा लेश्या आठवल्या. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. जांभळाचे झाड आणि सहा माणसे यांचे ते चित्र आपल्या डोळ्यांसमोर लहानपणापासून आहे. काळा सर्वांत वाईट, शुक्ल सर्वांत चांगला. मनात कुठेतरी तेच बसले होते की काय कोण जाणे, पांढरा धूर मला काळ्याइतका भीतीदायक वाटलाच नाही. आत्म्याच्या परिणामांचा हिशेब वेगळा आणि इंजिनाचा वेगळा. इथे पांढऱ्यानेच सर्वांत जास्त नुकसान केले.

आणखी एक गैरसमज आमचाही होता: "पीयूसी काढलेली आहे, मग गाडी ठीकच असणार." भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना ती दर ६ महिन्यांनी लागते, नंतरच्यांना वर्षाने. डिझेल गाडीच्या त्या तपासणीत धुराची घनता मोजतात. ती जरूर करावी. पण रेडिएटरमधले पाणी कुठे जाते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

बोनेटमधून धूर आला तर काय करायचे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पांढरी वाफ असेल तर गाडी कडेला, इंजिन बंद, माणसे खाली उतरून कठड्याच्या पलीकडे. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचे नाही, तापल्या काचेसारखा हेडला तडा जाऊ शकतो. पुन्हा चालू करून "घरापर्यंत तर जाईल" म्हणायचे नाही. आणि वायर किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर सामान सोडून आधी माणसांनी लांब जायचे. ज्वाळा दिसत असताना बोनेट सताड उघडायचे नाही, हवा मिळाली की आग भडकते.

हेडला फेसिंग, गॅसकिट, नवीन रेडिएटर, ऑइल, कुलंट, सगळे मिळून अठ्ठावीस हजार गेले. मिस्त्री म्हणाले, पहिल्या आठवड्यात आणली असती तर निम्म्यात झाले असते, तापून हेड वाकले नसते. पैसे परत कमावता येतात. पण महिनाभर ह्यांना दुकानात पोते उचलता आले नाही आणि हातावरचा डाग अजून आहे.

त्या आठवड्यात प्रतिक्रमणाला बसले तेव्हा आलोचनेत काय सांगावे, याचा विचार करावा लागला नाही. मी कुणाचे वाईट केले नव्हते, खोटेही बोलले नव्हते. दिसत होते आणि बोलले नव्हते. ह्यांच्या एका हसण्याने मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याला मी तीन आठवडे समजूतदारपणा समजले. प्रमाद म्हणतात तो हाच असावा. आईंच्या कॅनमधले शेवटचे पाणी मला आठवत राहिले.

आता सकाळी हे गाडी चालू करतात आणि मला हाक मारतात, "अगं, बघ बरं धूर कसा आहे." मी झाडू बाजूला ठेवून बघते. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी गाडीत कुलंट कधी टाकले, ऑइल कुठवर होते, हेही लिहिते. दुकानातल्या मुलाला बजावून ठेवले आहे, पाणी कमी झाले तर आधी सांगायचे, मग भरायचे.

तुमच्या अंगणात गाडी असेल तर उद्या सकाळी पाच मिनिटे तिच्या मागे, जरा बाजूला उभ्या राहा. रंग बघा, वास घ्या, किती वेळ येतो ते मोजा. आणि काही वेगळे वाटले तर त्याच दिवशी सांगा. कुणी हसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा.

जय जिनेंद्र.